दारातून निघून गेलेला माणूस

"आणि नाव? नावाचं काय, सर?"

डेमियननं विचारलं.

समोर ॲम्ब्रोज विंटर बसले होते. इंग्लंडच्या टीव्हीवर उभी हयात घालवलेला नट. पोस्टमन, बिशप, खुनी, गुरांचा डॉक्टर, राजाचा न्हावी... मिळेल ते काम त्यांनी केलं. नायक मात्र कधीच झाले नाहीत. चेहरा घरोघरी माहीत, नाव कुणालाच नाही. आता समुद्रकाठच्या एका लहानशा गावात राहत होते, आणि मजेत होते.

डेमियन त्यांचा विद्यार्थी. एका पोलिसी मालिकेचा नायक होता. मालिका संपली आणि बरेच दिवस बोलावणं आलं नाही. आता आलं होतं, ते रेल्वे स्टेशनवरच्या हमालाच्या छोट्या भूमिकेसाठी. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"हमाल झालो, तर लोक म्हणतील, संपला हा."

"म्हणतील," विंटर म्हणाले.

"तुम्हाला कधी वाईट नाही वाटलं? रस्त्यात कुणी तुम्हाला तुमच्या नावानं हाक..."

"चल, चहा पिऊ."

कोपऱ्यावरचं चहाचं दुकान नुकतंच मिसेस हॉब्ज नावाच्या एका बाईंनी घेतलं होतं. त्या ट्रे घेऊन आल्या. विंटर यांच्याकडे नजर गेली आणि थबकल्या.

कप टेबलावर आदळला. चहा बशीत सांडला.

"तुम्ही तोच ना? बायको आजारी असताना घर सोडून गेलात, तो?"

डेमियनला हसू आलं. "अहो बाई, ती मालिका होती. हे नट आहेत."

"कळतं मला ते."

पण बाईंची नजर विंटर यांच्यावरून हलली नाही.

"मागं वळूनसुद्धा पाहिलं नाहीत तुम्ही... माझ्या नवऱ्यानंही पाहिलं नव्हतं."

शेजारच्या टेबलावरची माणसं इकडे बघू लागली...

विंटर उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"चुकलो मी," ते म्हणाले. "वळून पाहायला हवं होतं. धीर झाला नाही."

...

बाईंनी एप्रनला हात पुसले. हात ओले नव्हते. तरी पुसत राहिल्या.

"बसा," शेवटी त्या म्हणाल्या. "चहा सांडलाय. दुसरा आणते."

दुसरा चहा आला. सोबत गरम बन आणि लोण्याची वाटी, न मागता. बाई आत गेल्या, आणि थोड्या वेळानं त्यांचं गुणगुणणं बाहेर ऐकू येऊ लागलं.

डेमियन पुढं वाकला.

"सर, तुम्ही कशाला माफी मागितलीत? पळून गेलं ते पात्र. तेही लेखकानं लिहिलं म्हणून."

"त्याला मागता आली नाही रे. पुढच्या भागात तो नव्हताच."

"काय बोलला होतात तुम्ही त्या प्रसंगात?"

"काही नाही. बॅग उचलायची, दार उघडायचं, बाहेर पडायचं. संवाद नव्हता."

डेमियन चहा ढवळू लागला.

त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायला लोक रांग लावत. त्याच्या मालिकेत तो पानंच्या पानं बोलला होता. पण आजवर कुणी त्याच्यापुढं कप आदळला नव्हता.

त्यानं चमचा खाली ठेवला. मग खिशातून फोन काढला आणि बाहेर गेला. काचेतून तो दिसत होता... वाऱ्यानं उडणारे केस एका हातानं सावरत, दुसऱ्या हातानं फोन कानाशी धरून बोलताना.

परत आला तेव्हा चेहरा मोकळा होता.

"हो म्हणून सांगितलं, सर."

विंटर बनवर लोणी लावत होते. त्यांनी मान डोलावली. अर्धा बन त्याच्या बशीत ठेवला.

डेमियननं एक घास घेतला, आणि जरा ओशाळून म्हणाला, "पण वाक्यं चारच आहेत."

विंटर यांचा हात थांबला.

"चार?... कमी करून मिळतात का बघ."