भूमकेच्या पोटातली आच

आचवली गावामागच्या कातळात एक कुंड आहे. त्याचे पाणी बारा महिने कढत असते. काठावर एक काळा दगड आहे. त्यावर घासलेली सुई तेलाचे बोट लावून वाटीतल्या पाण्यावर सोडली, की ती हळूहळू वळते आणि उत्तरेला तोंड करून थांबते. पाहुण्यांना हे दाखवण्याचा मान नारबा गुरवांचा. एखादा शहाणा म्हणालाच, की हे तर साधे लोहचुंबक, तर नारबा रागावत नाहीत. "आसात," म्हणतात, "पण ता चुंबक झाला कसा, ता ऐका." मग ते पायरीवर बैठक मारतात आणि तानी लोहारणीची गोष्ट सांगतात.

असे सांगतात, की फार पूर्वी धरतीचे काळीज लोखंडाचे होते आणि थंडगार होते. ओढ मात्र तेव्हाही होती. पिकला आंबा खालीच यायचा, पाऊस खालीच पडायचा, धडपडलेले पोर भुईवरच येऊन रडायचे. भूमकादेवी, म्हणजे ही धरतीच, लहानथोर सगळ्यांना आपल्याकडे ओढून घ्यायची. पण जवळ आलेल्याला द्यायला तिच्यापाशी ऊब नव्हती आणि दूर गेलेल्याला मारायला हाक नव्हती.

तानी त्या काळची. तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. तिच्या घरच्या भट्टीतला विस्तव सात पिढ्या विझलेला नव्हता. लोहाराच्या घरचा विस्तव विझणे म्हणजे घराण्याचे नाक कापले जाणे; सासूने मरताना तो तिच्या स्वाधीन केला होता. तिचा नवरा भिवा गलबतांचे खिळे आणि नांगर घडवायचा. एका वर्षी खेमा तांडेलाने त्याला आपल्या गलबतावर घेतले आणि दक्षिणेला मलबारात नेले. निघताना भिवाने आधी विस्तवाचा निरोप घेतला, मग बायकोचा. याचा तानीला राग आला होता म्हणे, पण त्या रागातही भाता हलवायला ती एक दिवस चुकली नाही.

पावसाळा तोंडावर आला. बाकीची गलबते परतली, खेमाचे परतले नाही. आलेल्यांनी सांगितले, की खाली आभाळ गच्च भरले आहे, सूर्य नाही, तारा नाही. खेमाला दिशा कळेनाशी झाली असणार. दर्या खवळायला फार तर पंधरा दिवस उरले होते. त्याआधी गलबत घरी लागले नाही, तर भिवाची आशा सोडायची.

तानी भर दुपारी घण घेऊन कातळावर गेली आणि देवीला हाक मारावी तसे तिने दगडावर घाव घातले.

"तुका सगळ्यांची ओढ आसा," ती म्हणाली, "मगे माझ्या घोवाक हाक मारूक काय होता?"

खालून आवाज आला म्हणे, "थंड लोखंड हलत नाय, आणि हलत नाय ता हाक मारूक शकत नाय. माका आच दी."

लोहारणीला याहून जास्त सांगावे लागले नाही. तापल्यावर लोखंड कसे हलू लागते, हे तिने जन्मभर पाहिले होते. तरी ती घरी येऊन भट्टीपाशी बराच वेळ रडत बसली. मग तिने सगळा विस्तव लोखंडी घमेल्यात भरला, कातळावर नेला आणि घणाच्या घावांनी पडलेल्या भेगेत ओतला. आचवलीत पुन्हा भट्टी पेटणार नाही, असा शब्दही दिला. भेगेने विस्तव गिळला. धरतीचे काळीज वितळले आणि रवीसारखे गरगर फिरू लागले. भेगेतून कढत पाणी वर आले आणि तानीने घाव घातलेला दगड काळा पडून चुंबक झाला.

त्याच दिवशी गलबतावर भिवा फाटके शीड शिवत होता. त्याच्या तेलकट बोटांतली सुई निसटून पाण्याच्या भांड्यात पडली. ती बुडाली नाही. वळली, आणि एकीकडे तोंड करून राहिली. भांडे फिरवले तरी पुन्हा तिकडेच. "माझ्या घरच्या लोखंडाची सुई," भिवा म्हणाला, "ती घराकडेच बघतली." घर उत्तरेलाच होते, म्हणून निभावले. गावाने मात्र पुढे कित्येक वर्षे हेच धरून ठेवले, की सुई आचवली दाखवते. अखेर उत्तरेकडच्या काठेवाडाहून घरी निघालेला एक तांडेल सुईवर भरवसा ठेवून पुन्हा काठेवाडातच पोचला, तेव्हा कुठे लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला. नारबा हे सांगताना स्वतःच खूप हसतात.

भिवा पोचला आणि थेट भट्टीकडे गेला. तिथे गार राख होती. "इझवलंस?" एवढेच त्याने विचारले.

तानीने त्याला हाताला धरून कातळावर नेले आणि त्याचा हात काठाजवळच्या पाण्यात बुडवला. त्याने चटका बसेपर्यंत हात काढला नाही, म्हणतात.

"म्हणजे इझवलंस नाय," तो म्हणाला. "खाली ठेवलंस."

पुढे दोघांनी ऐरण विकली आणि आयुष्यभर नारळ सोलले. भिवा त्यावरून तिला कधी उणा शब्द बोलला नाही.

आजही आचवलीत लोहाराची भट्टी नाही. कोयत्याला धार लावायची तरी शेजारच्या गावी जावे लागते आणि तिथले लोक चिडवतात, की तुमच्याकडे एवढाही विस्तव नाही का. आचवलीकर वाद घालत नाहीत. आजही परगावाहून परतलेला गावकरी आधी कुंडावर जातो, पाण्यात बोटे बुडवतो आणि मगच घरच्यांना सांगतो, की मी आलो.