हत्तीच्या कानातली पेज

भांडी घासणाऱ्या यंत्राचं नवल अजून ओसरलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. हेमांगीबाईंच्या घरी डिशवॉशर आला आणि कपबश्या संपल्यावर त्यात वाट्टेल ते जाऊ लागलं. एके दिवशी रबरी सपाता, कंगवा, साबणदाणी आणि शेजारच्या बाळाला द्यायला माळ्यावरून काढलेला त्यांच्या मुलाचा प्लॅस्टिकचा हत्ती, असे सगळे त्यात दाटीवाटीने बसले.

"आता बघा, कशी नवीकोरी होते मी!" साबणदाणी म्हणाली.

"मला तेवढं बाहेर काढा हो," हत्ती काकुळतीला आला. "निनादला दात येत होते, तेव्हा तो माझा कान चावायचा. त्याची नाचणीची पेज अजून तिथे वाळून बसलीय."

"शी! वीस वर्षांची घाण!" कंगवा खेकसला. "आणि कुठाय तुझा निनाद?"

"कॅनडात."

तेवढ्यात पाणी सुटलं.

तासाभराने सगळे लखलखीत होऊन बाहेर आले. हेमांगीबाईंनी हत्ती उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच त्याचा कान नाकाशी नेला. लिंबाच्या पावडरीचा वास आला. त्यांनी डोळे मिटून पुन्हा एकदा हुंगून पाहिलं.

हत्ती मनातल्या मनात म्हणाला, "आई, धुवायच्या आधी का नाही गं हुंगलास?"