मुंगीचे बारसे

पूर्वी गंगेला मिळणाऱ्या एका लहानशा नदीच्या काठी, तोरणपूर नावाच्या नगरात उशीर नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या द्वारपालाच्या कुळात जन्मले होते आणि वयात आल्यावर पूर्ववेशीची राखण करीत होते. त्या जन्मी त्यांचे नाव घोटभर असे होते.

राजा उशीर आणि द्वारपाल घोटभर, हे ऐकून कोणाला हसू येत असेल तर त्याने आत्ताच हसून घ्यावे, कारण पुढे आणखी बरेच आहे. तोरणपुरात कोणाचेही नाव घरच्यांनी ठेवायचे नाही अशी रीत होती. मूल बारा दिवसांचे झाले, दुकान नवे मांडले, हत्तीण व्याली, की सूर्योदयाला वेशीच्या आत येऊन थांबायचे. त्या दिवशी जो वाटसरू सर्वांत आधी उंबरठा ओलांडील त्याच्याकडे द्वारपालाने नाव मागायचे. तो देईल ते नाव. दमलेली माणसे कधी सुंदर नावे देत, कधी आपल्या गावाचे नाव देत आणि कधी मनात असेल ते बोलून मोकळी होत. त्यामुळे नगरातल्या सर्वांत शुभ्र वस्त्रांच्या दुकानाचे नाव 'चिखल' होते, मिठाईवाल्याच्या दुकानाचे 'अजून किती लांब' आणि राजाच्या हत्तीचे 'व्याहीबुवा'. बोधिसत्त्वांच्या बारशाला आलेला वाटसरू उन्हाने इतका कोरडा पडला होता की नाव विचारताच तो 'घोटभर...' एवढेच म्हणू शकला. पोराला नाव मिळाले. कळू लागल्यापासून त्या पोराने वेशीवर गार पाण्याचा माठ कधी रिकामा होऊ दिला नाही. आधी पाणी आणि मग प्रश्न, हा त्याचा शिरस्ता होता.

पण या रितीतली खरी गंमत नावात नव्हती. ज्याने नाव दिले तो त्या घराचा सोयरा होई. पुरुष असला तर मुलाचा मामा, बाई असली तर मावशी. तो पुन्हा केव्हाही त्या वाटेने आला तर त्याचा पाट मांडलेला असे.

त्या नगरात दोनकोस नावाचा श्रेष्ठी होता. 'चिखल' हे वस्त्रांचे दुकान त्याचेच. त्याची पत्नी उत्पला परगावची होती. लहानपणी तिचे गाव पुरात गेले आणि आईबाप, भाऊ, शेजारपाजार, सगळे एका पावसाळ्यात नाहीसे झाले. सासरी तिला काही कमी नव्हते. पण सणाला शेजारणी माहेरी निघाल्या की ती दार लावून घरात बसे. लग्नाला सात वर्षे झाल्यावर तिला मुलगी झाली, आणि त्या क्षणी तिच्या मनात एकच गोष्ट आली. आता आपल्याला भाऊ मिळणार!

भाऊ कोणता, हेही तिने ठरवून टाकले. त्याच सुमारास तक्षशिलेकडचा सार्थवाह मणिभद्र नगराबाहेरच्या आमराईत तळ देऊन होता. पाचशे गाड्यांचा धनी, मोठ्या मनाचा माणूस. उत्पलेने त्याच्याकडे गुपचूप निरोप धाडला की बाराव्या दिवशी दार उघडताच सर्वांत आधी आपण यावे आणि 'राजलक्ष्मी' हे नाव द्यावे. मणिभद्राने आनंदाने होकार कळवला. अशी लबाडी त्या नगरात सगळेच थोडीफार करीत. कोणी चुलत्यालाच आदल्या दिवशी बाहेर पाठवी आणि सकाळी वाटसरू म्हणून आत घेई. घोटभर ते पाहून न पाहिल्यासारखे करीत. कोण कशासाठी आले हे ते विचारीत नसत. आधी कोण आले एवढेच पाहत.

बारावा दिवस उजाडला. काय ती धांदल! अर्धे नगर वेशीशी लोटले होते. ढोल घुमत होते, परातींमधून घुगऱ्यांचा वास येत होता, बायकांनी पाळणा फुलांनी इतका मढवला होता की त्यात मूल कुठे आहे ते शोधावे लागे. दोनकोस श्रेष्ठी भेटेल त्याच्या हातावर गूळखोबरे ठेवीत होता आणि एकेकाच्या हातावर तीनतीनदा ठेवीत होता. व्याहीबुवालाही झूल घालून आणले होते.

तोरणपूरच्या वेशीला दोन दरवाजे होते, एक बाहेरचा आणि एक आतला. मधल्या देवडीत द्वारपाल बसे. नाव ठरेपर्यंत आतल्या दरवाजावर पडदा सोडलेला असे आणि देवडीत तिसऱ्याने यायचे नसे. नाव मिळाले की घोटभर घंटा वाजवून ते तीनदा पुकारीत. घंटेआधी नाव देणाऱ्याला ते परत घेता येई, घंटेनंतर ते राजालाही बदलता येत नसे.

उत्पलेच्या जिवाला चैन कुठले! लेकीला छातीशी धरून ती पडद्यापाशी उभी होती. बाहेरच्या दरवाजाची कडी वाजली तशी तिला राहवले नाही, आणि पडद्याची कड उचलून ती सरळ देवडीत शिरली.

मणिभद्राच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज अगदी जवळ आला होता. पण उंबरठ्याच्या आत एक बाई येऊन पोचली होती. पाय धुळीने पांढरे, केस विस्कटलेले, खांद्यावर लेकरू बांधायची झोळी, आणि झोळी रिकामी. ती माठाशी उकिडवी बसून ओंजळीने पाणी पीत होती. घोटभर हळू धार धरीत होते.

तिचे पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "बाई, आत एक बारा दिवसांची मुलगी नावासाठी खोळंबली आहे. आमच्या गावची रीतच तशी. तिला एखादं चांगलं नाव द्या."

बाईने तोंड पुसले. मग म्हणाली, "मुंगी."

उत्पलेच्या पायाखालची जमीन सरकली. राजलक्ष्मी कुठे आणि मुंगी कुठे! आणि पाचशे गाड्यांच्या भावाऐवजी ही अनवाणी बाई आपल्या घरची सोयरी? ती पुढे झाली आणि दबक्या आवाजात बोलू लागली.

"घोटभरदादा, घंटा नाही ना वाजवलीत अजून? मग काहीच झालं नाही. हिला बाजूच्या वाटेनं जाऊ द्या. सार्थवाह आले बघा, आलेच. तेच आधी आले म्हणा. पाहिलंय कोणी? तुम्ही, मी आणि ही. हिला तर आपण काय दिलं हेही ठाऊक नाही." बोलता बोलता तिने गळ्यातला हार काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली नाही तसा तिचा स्वर चढला. "आणि नाही म्हणालात, तर ह्यांचा राजाकडे किती शब्द चालतो ते तुम्हाला माहीत आहे. उद्या या देवडीत दुसरा कोणी बसलेला असेल."

बोधिसत्त्वांनी हार तिच्या लेकीच्या दुपट्यावर ठेवला. त्यांना राग आला नव्हता. सात वर्षे सणावारी बंद असलेले ते दार त्यांनीही पाहिले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "या नगरात राजापासून हत्तीपर्यंत सगळ्यांची नावं माझ्या घराण्याच्या तोंडून निघाली. त्यातली निम्मी हसण्यासारखी आहेत. पण खोटं एकही नाही. आज मी एक खोटं पुकारलं, तर उद्यापासून कोणाला हाक मारताना ते नाव खरं की विकत घेतलेलं, असं लोकांना वाटेल. देवडीत उद्या दुसरा बसला तर बसू दे. जे दिलं तेच मी पुकारणार."

"म्हणजे माझ्या लेकीला जन्मभर मुंगी म्हणायचं?"

"ते अजून ठरलं नाही. घंटेला मी एवढ्यात हात लावत नाही. तोवर तुम्ही तिला एवढंच विचारा, की हे नाव आणलंत कुठून?"

बाहेर घुंगरे थांबली. मणिभद्र पागोटे सावरीत गाडीतून उतरत असल्याची चाहूल आली. उत्पला घाईने बाईकडे वळली. "काय हो, इतकी नावं जगात असताना मुंगी कशाला?"

बाई वर पाहून म्हणाली, "ते म्हणाले चांगलं नाव द्या. माझ्याकडे एवढंच चांगलं होतं. माझ्या लेकीचं."

"कुठं आहे ती?"

"परवा गेली. ताप होता वाटेत. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून मुंगी म्हणायचो." आणि मग आपण काय करून बसलो हे तिच्या ध्यानात आले. ती धडपडत उठली. "अगं बाई! तुमच्या लेकराला गेलेल्या पोरीचं नाव! माझी मतीच चालत नाही. परत घेते मी, परत घेते. त्या सार्थवाहांनाच द्या नाव. मी ही निघाले."

झाले! खोटे बोलायला नको, द्वारपालाला धमकवायला नको, सगळे आपोआप जुळून आले होते. बाई दाराकडे वळलीसुद्धा. तेवढ्यात या गडबडीने उत्पलेची मुलगी जागी होऊन रडू लागली, आणि चालता चालता त्या बाईचा हात आपोआप खांद्यावरच्या रिकाम्या झोळीकडे गेला. ती झोळीला थोपटू लागली.

उत्पला ते पाहत राहिली. तिला तिची आई आठवली, आणि आईने मारलेली हाक आठवली. आई तिला उपली म्हणे. पुरानंतर तिला उपली म्हणणारे या पृथ्वीवर कोणीही उरले नव्हते. ते नाव तिच्यातच राहून गेले होते, आणि माहेर नाही म्हणून ती दार लावून रडे तेव्हा खरे तर त्या हाकेसाठीच रडे. हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळले. आपल्याला भाऊ हवा होता तो पाचशे गाड्यांसाठी नव्हे!

"ताई, थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा निघाला की पडद्यापलीकडचे ढोल बंद पडले. "तुमचं नाव काय?"

"सोमिला."

"सोमिलाताई, नाव परत घेऊ नका. मला हवं आहे ते. घोटभरदादा, वाजवा घंटा!"

बोधिसत्त्वांनी घंटेची दोरी हातात घेतली, पण आधी सोमिलेकडे पाहिले. ती रडत होती, आणि रडता रडता तिने मान हलवली. मग घंटा अशी वाजली की वेशीवरची कबुतरे उडाली. "मुंगी! मुंगी! मुंगी!"

पडदा सरला. आणि एकच हशा, एकच कल्लोळ! दोनकोस श्रेष्ठी राजलक्ष्मी या नावाची वाट पाहत तोंड उघडे टाकून उभा होता. पण पत्नीचा चेहरा पाहिला आणि तोही पोट धरून हसू लागला. बायकांनी सोमिलेला ओढून पाळण्यापाशी नेले. बाळाच्या कानात नाव सांगायचे ते मावशीनेच. ती वाकली, "कुर्रर्र" म्हणाली आणि लगेच रितीप्रमाणे तिच्या पाठीवर बायकांचे धपाटे पडू लागले. लेक गेल्यापासून त्या पाठीवर कोणाचा हात पडला नव्हता. आता वीस हात पडत होते. व्याहीबुवाने सोंड उंच करून ललकारी दिली.

मणिभद्र आत आला तेव्हा सगळे आटोपले होते. दुसऱ्या येणाऱ्याला रितीप्रमाणे फक्त घुगऱ्या मिळतात. त्याने दोन्ही हातांनी घुगऱ्या घेतल्या आणि झाला प्रकार ऐकून तो गडगडाटी हसला. "बरं झालं बाई," तो म्हणाला, "राजलक्ष्मी नावाच्या भाच्या मला गावोगाव आहेत. मुंगी एकही नव्हती."

दुपारी उत्पलेने सगळी हकिकत, हारासकट आणि धमकीसकट, स्वतःच नवऱ्याला सांगितली. श्रेष्ठी उठला आणि वेशीवर जाऊन द्वारपालाच्या पाया पडला. घोटभरांनी त्याला आधी पाणी दिले.

सोमिला पुढे कुठे गेली नाही. श्रेष्ठीच्या आळीतच तिला घर मिळाले. मुंगी मोठी झाली, धीट आणि भटकी निघाली. संध्याकाळी ती खेळून घरी येत नसली की त्या आळीत दोन दारांतून दोन बायका एकदमच हाक मारीत, "मुंगेऽऽ!" आणि ती ज्या दारी आधी पोचेल त्या दारी जेवून घेई. सणावारी उत्पलाही लेकीला घेऊन सोमिलेच्या घरी राहायला जाई. ते घर चार दारे सोडून होते. तरी ती गाठोडे बांधून, सगळ्यांचा निरोप घेऊन निघे, आणि दारात उभी राहिलेली सोमिला तिला म्हणे, "आलीस, उपले?"

बुद्धपद पावलेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली ती श्रावस्तीत. सुप्रतीक नावाच्या एका उपासकाने हमरस्त्यावर धर्मशाळा बांधली होती, आणि तिला आपले नाव द्यावे की आपल्या आजोबांचे, यावरून घरात तीन दिवस वाद चालला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा दोनकोस श्रेष्ठी म्हणजे हा सुप्रतीक. उत्पला म्हणजे त्याची पत्नी. सोमिला म्हणजे भिंतीशी बसलेली वृद्ध भिक्खुणी खेमिका, आणि मुंगी म्हणजे तिची सेवा करणारी ती तरुण भिक्खुणी. सार्थवाह मणिभद्र म्हणजे आत्ता सर्वांत मोठ्याने हसला तो भिक्खू. राजा उशीर म्हणजे कथा अर्धी झाल्यावर येऊन खांबाआड बसलेला तो उपासक. त्या जन्मी वेळ पाळून पाळून तो दमला असावा. आणि द्वारपाल घोटभर म्हणजे मीच होतो."

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला सुप्रतीक पाण्याचा माठ घेऊन धर्मशाळेच्या दारात बसला. तिथे आधी आलेला म्हातारा पाणी पिऊन 'टेकतो जरा' म्हणाला, आणि त्या धर्मशाळेचे नाव 'टेकतो जरा' असे पडले.

विश्वासाने आपल्या हाती दिलेला शब्द, तो कितीही लहान असला तरी, न बदलता पुढे पोचवावा. त्या जन्मी बोधिसत्त्वांनी बुद्धपदासाठी लागणारी सत्य ही पारमी पूर्ण केली ती अशी, एका मुंगीएवढ्या नावासाठी.