शुष्कायन मुनींचे सत्र आणि पाकोळीचे घरटे

देवांना अजून माणसाचा वीट आला नव्हता आणि यज्ञाला बोलावले की ते वेळेवर येत, अशा त्या कृतयुगात पूर्वसमुद्रातील एका खडकाळ बेटावर शुष्कायन नावाचे महातपस्वी मुनी बारा वर्षांचे सत्र करीत होते. खाली गर्जणारा वरुणालय, वर काळोख्या गुहा आणि मध्ये अखंड धुमसणारे यज्ञकुंड. व्रत असे कठोर, की नांगराने पिकलेले अन्न खायचे नाही आणि तेलातुपाचे बोट अंगाला लावायचे नाही. तूप सगळे अग्नीला. बारा वर्षांत अग्नी गुटगुटीत झाला आणि मुनींची त्वचा उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी भेगाळली.

"नाथ," मुनिपत्नी श्रुतवती म्हणाली, "तुमच्या पाठीवर आता नारळ खवता येईल."

"देवि, देह नश्वर आहे."

"असू दे नश्वर. पण पूर्णाहुतीला चार दिवस उरलेत आणि तुमच्या तळहातातून रक्त गळतंय. एक थेंब हविष्यात पडला, तर देव पानावरून उठतील, आणि बारा वर्षं पाण्यात."

यावर मुनींनी तळहात पाठीमागे लपवले. ज्ञानी माणूस बायकोपुढे असाच अडतो.

श्रुतवती गुहांत शिरली. तेथे कातळाला चिकटलेली, शिंपल्याएवढी, शुभ्र, पारदर्शक वाटी तिला दिसली. वरुणाने पाठवलेला हा गोठलेला फेस असावा, असे समजून तिने ती सोडवली, पाण्यात शिजवली आणि पतीला पाजली. ना नांगर, ना तेल; व्रताला बाध नाही. सकाळी मुनींच्या भेगा अर्ध्या मिटल्या. त्याच जागी दुसरी वाटी होती. तीही तिने शिजवली. तिसऱ्या दिवशी तिसरी वाटी पोटात गेली आणि मुनींचे अंग नवजात अर्भकासारखे मऊ झाले. चौथ्या पहाटे, पूर्णाहुतीच्या दिवशी, वाटी पुन्हा होतीच, पण तांबूस.

मुनी ती ओठांना लावणार, तोच एक इवलीशी पाकोळी कातळाला लटकून बोलली, "प्या, मुनिवर. तीन घरटी प्यालात, चौथ्याला लाज कसली?"

"घरटी?"

"मला ना काटकी उचलता येते, ना चिखल. तोंडच्या लाळेनं घर बांधते. तीन दिवस लाळ पुरली. काल ती संपली, मग रक्त आलं."

मुनी ताडकन उठले. "म्हणजे ऐन सत्रात मी पक्षिणीची थुंकी प्यालो! उच्छिष्ट! हे पापिणी, ऐक—" आणि शापासाठी त्यांनी ओंजळीत उदक घेतले.

"शाप द्या हो," श्रुतवती शांतपणे म्हणाली. "पण घर मी मोडलं, तिनं नव्हे. आणि परवापर्यंत तुमच्या ओंजळीत पाणी तरी ठरत होतं का?"

मुनींनी ओंजळीकडे पाहिले. एकही थेंब गळत नव्हता. त्यांनी ते उदक हळूच भूमीवर सोडले.

"माते, काय देऊ तुला?"

"जागा द्या. अंडं आत्ता येतंय आणि ठेवायला घर नाही."

मुनींनी डावा हात पुढे केला.

"डावा नको," पाकोळी म्हणाली. "त्याचं रोजचं काम मला ठाऊक आहे."

मग त्या महातपस्व्याने उजवा हात पसरला, आणि त्या मृदू तळव्यावर तिने शुभ्र अंडे घातले.

माध्यान्ही देवगण भुकेले येऊन बसले. इंद्र गरजला, "मुने, पूर्णाहुती दे."

"देवराज, उजवा हात गुंतला आहे. डाव्याने देणे अधर्म."

"अंडे खाली ठेव, अन्यथा तुझे बारा वर्षांचे पुण्य भस्म होईल."

"होऊ दे," मुनी म्हणाले.

देव उपाशी उठले, पुण्य गेले. अंडे फुटेपर्यंत, पिल्लाला पंख फुटेपर्यंत मुनी हात पसरून उभे राहिले आणि श्रुतवतीने त्यांना घास भरवले. पिल्लू उडाले तेव्हा एकटा वरुण परत आला. म्हणाला, "पाकोळी, मी जलाचा स्वामी. तुझे घरटे जो सेवन करील, त्याच्याही त्वचेत मुनींप्रमाणे माझा ओलावा नांदेल."

"हा वर की शाप?" पाकोळी कळवळली. "उद्या सगळं जग शिड्या घेऊन येईल."

वरुण खजील झाला. दिलेला वर मागे घेता येत नाही. देवांची ही जुनी खोड. त्याने तिला गुहांचे सर्वांत उंच, सर्वांत अंधारे छत दिले. मुनींनीही घरटी मोडणाऱ्यांना घोर शाप देण्यासाठी उदक घेतले, पण पुण्य भस्म झालेले, उरल्यासुरल्या तपात बसला तो एवढाच: "जो हे घर खाईल, त्याला कांती मिळेल, चव मिळणार नाही."

तेव्हापासून चीनदेशीच्या राण्या त्वचेसाठी ती घरटी शिजवून पितात. त्यांना कोणी चव विचारली, तर त्या वर घातलेल्या खडीसाखरेची सांगतात.