नुलाचा एक बूट

समुद्रापलीकडे आयर्लंड. तिथे एक हिरवी टेकडी. टेकडीच्या पोटात राहायच्या पऱ्या. सगळ्यात छोटी परी नुला. एवढीश्शी, तुमच्या करंगळीएवढी.

आज पऱ्यांचा नाच. नुलाचा पहिलाच. निघाली उड्या मारत. वाटेत ओढा. एक बूट पडला, डुबुक! गेला वाहून. अनवाणी परीला नाचात घेत नाहीत. नुलाला रडूच आलं.

निघाली बापडी, टप-थप, टप-थप. झाडाखाली बसला होता लेप्रकॉन. पऱ्यांचे बूट शिवणारा म्हातारा. ठक-ठक, ठक-ठक.

"लेप्रकॉनबाबा, बूट द्या. बूट नाही, तर नाचू कशी?"

बाबांचा दोरा संपला होता. म्हणाले, "आधी लोकर आण."

टप-थप, टप-थप.

"मेंढीताई, लोकर दे. लोकर नाही, तर बूट नाही. बूट नाही, तर नाचू कशी?"

मेंढी उपाशी. म्हणाली, "आधी हिरवी पाती आण."

टप-थप, टप-थप. टेकडीखाली एका माणसाचं घर, मोराकाकूचं. तिच्या दारात गवत होतं.

"गवतदादा, पाती दे. पाती नाही, तर लोकर नाही. लोकर नाही, तर बूट नाही. बूट नाही, तर नाचू कशी?"

गवताने मान टाकलेली. म्हणालं, "आधी पाणी आण."

टप-थप, टप-थप.

"विहीरबाई, पाणी दे. पाणी नाही, तर पाती नाही. पाती नाही, तर लोकर नाही. लोकर नाही, तर बूट नाही. बूट नाही, तर नाचू कशी?"

विहीर म्हणाली, "बादलीशिवाय वर कशी येऊ? बादली मोराकाकूकडे."

आली का पंचाईत! माणसांना पऱ्या दिसतच नाहीत. मागायचं कसं? नुला बसली गवतात.

कुर्रर्र. दार उघडलं. मोराकाकू आली भरली बादली घेऊन. तिकडची रीतच आहे, घरातलं उरलेलं पाणी बाहेर फेकण्याआधी पऱ्यांना सांगायचं. उगाच भिजायला नकोत. काकू रोज सांगायची. कोणी कधी ओ द्यायचं नाही.

"बाजूला व्हा गं पऱ्यांनो, पाणी टाकतेय."

"टाका काकू, टाका. इकडेच टाका!"

काकू दचकली. मग खुदकन हसली. आज कोणीतरी ओ दिली होती. काकूला कोण आनंद झाला!

"टाकते हो, बाळा."

भस्स!

गवत पाणी प्यालं, गटागटा. नुलाला पाती दिली. मेंढीने पाती खाल्ली, कचाकचा. नुलाला लोकर दिली. बाबांनी दोरा वळला, गरागरा. बूट शिवला, ठक-ठक, ठक-ठक.

नुला पळाली. टप-टप, टप-टप! टेकडीचं दार उघडलं. व्हायोलिन वाजलं. पऱ्यांनी तिचे हात धरले. नुला नाचली, गिरकी घेतली, पुन्हा नाचली. इतकी नाचली, इतकी नाचली, की नव्या बुटाला भोक पडलं!