खिंडीतली बिनकवाडाची चौकट

खिंडीच्या तोंडाशी ही दगडी चौकट उभी आहे, तिला कवाड नाही. चोरांनी नेलं असेल, असं पाहुण्यांना वाटतं. आमच्याकडे चोर नाहीत असं नाही. पण हे कवाड घरधन्यानेच फोडलं, असं सांगतात.

सुभानजी नाईक म्हणे वरच्या किल्ल्याच्या दरवाज्यावर पहाऱ्याला होता. दिवस मावळला की दरवाजा बंद. मग परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय आत चिटपाखरूही यायचं नाही. उन्हाळ्यात या घाटात वाटसरू पाण्यावाचून तडफडायचे, ते त्याने तटावरून जन्मभर पाहिलं होतं. पण पहारा सोडता येत नव्हता. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा त्याने चाकरी सोडली आणि बायकोला, गोजराईला, घेऊन खिंडीत घर बांधलं. ती खालच्या झऱ्यावरून पाणी आणी, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजी. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. दिवस मावळला की नाईकाचा हात आपोआप अडसराकडे जायचा. गोजराई हसायची, "किल्ला वर ऱ्हायला, नाईक. हितं काय, रांजन लुटायला येतंय कोन?"

एका चैत्रात ती झऱ्यावर गेली असताना दिवस मावळला. नाईकाने सवयीने अडसर घातला आणि त्याला डुलकी लागली. दारावर थाप पडली तसा अर्धवट झोपेतच तो दरडावला, "परवल?"

बाहेर एक पोटुशी बाई होती, दिवसभर चालून आलेली. तिला परवल काय ठाऊक? "पानी," एवढंच ती म्हणाली आणि उंबऱ्यापाशी कोसळली.

तेवढ्यात घागर घेऊन गोजराई पोचली. तिने दोघांचंही बोलणं ऐकलं होतं. बाईचं डोकं मांडीवर घेत ती बंद दाराला म्हणाली, "आवं, सबूद बराबर हाय. उगडा आता."

दार उघडून नाईकाने समोर पाहिलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईला कळा लागल्या होत्या आणि घरात सरपण नव्हतं. त्याने कुऱ्हाड उचलली आणि तेच कवाड फोडून चुलीत घातलं. त्या जाळावर तापलेल्या पाण्याने मुलगी न्हाली. मायलेकी वाचल्या.

"पुन्यांदा ह्या घराला कवाड लावीन तर पान्याला म्हाग हुईन," नाईकाने आण घेतली.

"कसं व्हाल? घागर माज्या कमरंवर हाय," गोजराई म्हणाली.

पुढे उतारवयात तिची आठवण गेली. नवराही ओळखू येईना. मग घागर नाईकाकडे आली. झऱ्यावरून तो परतला की परका माणूस पाहून ती उंबऱ्यातच अडवी, "परवल?"

"पानी," तो म्हणे.

तेवढं मात्र तिच्या लक्षात राहिलं होतं. ती हसून बाजूला सरे. "या, बसा. लई लांबनं आलासा?"

"व्हय," नाईक म्हणे आणि घागर उतरवून तिच्याशेजारी बसे. ती जाईपर्यंत रोज असंच चाललं, असं म्हणतात.

आजही या चौकटीला कुणी कवाड लावत नाही. आमच्या वाडीतलं कुणी ना कुणी रांजण भरून इथे बसलेलं असतं, आज माझी पाळी आहे. तुम्हीही उन्हातून चढून आलात. तेव्हा रीतीने विचारतो, परवल?