ढगोबाची साक्ष

"दोन वर्षं कमी! हैबतराव, तुमची चाकरी दहाच वर्षं भरते. हा शेला घ्या, हा नारळ घ्या, आणि सुखाने घरी बसा!" फौजेच्या हजेरी-पगाराचा हिशोब ठेवणाऱ्या बक्षी रंगोपंतांनी दप्तर धाडकन मिटलं.

"अहो, मग ती दोन वर्षं मी काय मामाच्या गावी होतो?" हैबतराव कळवळून म्हणाले. "निसणीगडाला वेढा पडला होता. मी वर अडकलो होतो!"

"असाल! पण दसऱ्याची हजेरी राजधानीत होते. दोन दसरे तुम्ही दिसला नाहीत. दोन वर्षं वजा!"

सोमगिरीच्या राज्यात नियमच तसा होता. बारा वर्षं चाकरी झालेल्या स्वाराला जन्मभर अर्धा पगार, एक दिवस जरी कमी भरला तर नुसता शेला-नारळ! हैबतरावांच्या गुडघ्याला भाला लागला होता. रिकिबीत पाय जाईना, म्हणून चाकरी सुटली. आता त्या पायाने ना नांगर धरता येत, ना ओझं उचलता येत.

त्यांची बायको सगुणाबाई मोठी श्रद्धाळू. तिने देवापुढे निरांजन लावलं, पदर पसरला आणि म्हणाली, "जिवतीमाते, यांची नोंद सरळ होईपर्यंत या घरात पुरण शिजणार नाही!"

हैबतराव दचकले. "अगं, ऐन श्रावणात? नवस तुझा आणि उपास माझा?"

"संसार एक, तर नवसही एकच!" असं म्हणून ती हसत हसत निघाली, ती थेट दरबारात.

राजे विक्रांतदेव मनाने चांगले, पण हट्टी! म्हणाले, "बाई, आमच्या आजोबांचा कायदा आहे. दप्तरातली नोंद बदलायची तर साक्षीदार लागतो. वेढ्यात पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत हैबतरावांच्या सोबत असलेला, आमच्याच चाकरीतला, कधी लाच न घेतलेला आणि जन्मात एकदाही खोटं न बोललेला!"

"महाराज, असा तर अख्ख्या दरबारात कोणी नाही!" रंगोपंत पटकन बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

"आहे की!" सगुणाबाई म्हणाली. "शुक्रवारी घेऊन येते."

शुक्रवार उजाडला. दरबार खच्चून भरला. तेवढ्यात बाहेर टापा वाजल्या, भालदार-चोपदार बाजूला पळाले आणि सगुणाबाई आत आली. हातात लगाम, आणि लगामाच्या टोकाला करड्या रंगाचा, कपाळावर हळदकुंकू लावलेला एक म्हातारा घोडा! त्याने भर दरबारात दणदणीत फुर्रर्र केलं.

"हा कोण?" महाराज ओरडले.

"ढगोबा, महाराज. यांचा घोडा. म्हणजे तुमचाच, सरकारी पागेतला. जन्मात खोटं बोललेला नाही!"

"लाच घेतो तो!" रंगोपंत उसळले. "आत्ताच देवडीवर बाईंनी त्याला चणे आणि गूळ दिला. मी स्वतः पाहिलं!"

"लाच कुठली? जिवतीचा प्रसाद आहे तो! घ्या, तुम्हीही घ्या."

प्रसादाला नाही कसं म्हणणार? रंगोपंतांनी मुकाट्याने चणे तोंडात टाकले. ढगोबा त्यांच्याकडे बघत राहिला. दरबार खुसूखुसू हसू लागला.

"पण साक्ष देणार कशी?" महाराजांनी विचारलं.

"त्याची साक्ष पागेच्या कारभाऱ्याकडे आहे, महाराज. कारभाऱ्यालाच विचारा."

पागेचा कारभारी पुढे आला. "ढगोबाची चाकरी बारा वर्षं पूर्ण, महाराज. वेढ्यातली दोन वर्षं निसणीगडावर. वेढा उठल्यावर गडावरून दाण्याचा हिशोब आला. चाकरी पुरी भरली म्हणून याला जन्मभर दाणा-वैरण चालू आहे."

"घोड्याची बारा आणि स्वाराची दहा?" महाराज मिशीवरून हात फिरवू लागले.

"त्यात काय!" रंगोपंत घाईघाईने म्हणाले. "गडावर दुसराच कोणी याच्यावर बसत असेल. घोडा काय, कोणालाही बसू देतो!"

"मग बसा की, पंत!" सगुणाबाईने लगाम पुढे केला.

"मी?"

"बसा!" महाराज गरजले.

रंगोपंतांनी देवाचं नाव घेतलं, धोतर खोचलं आणि रिकिबीत पाय ठेवला. ढगोबाने शांतपणे मान वळवली, पंतांची पगडी दातांत धरली आणि तो गर्रकन फिरला. पंत तीन कोलांट्या खात थेट महाराजांच्या पायाशी! मग सेनापती गेले, तेही गालिच्यावर. एक तरणाबांड स्वार गेला, तो खांबाला मिठी मारून बसला.

शेवटी कोपऱ्यातून हैबतराव लंगडत पुढे आले. त्यांनी नुसतं "ढगोबा, लेका!" म्हटलं मात्र, त्या म्हाताऱ्या घोड्याने पगडी टाकली, पुढचे दोन्ही पाय दुमडले आणि दुखऱ्या पायाच्या माणसालाही बसता येईल इतका तो खाली वाकला.



सगुणाबाई हात जोडून म्हणाली, "महाराज, दप्तर खोटं म्हणायची माझी काय छाती! दप्तर म्हणतं, हे गडावर नव्हते. दुसऱ्या कोणाला तर ढगोबा बसू देत नाही. म्हणजे दोन वर्षं ढगोबाने एकट्यानेच गड राखला! स्वतःच खोगीर चढवलं, स्वतःच भाला फेकला, रात्री स्वतःच मशाल धरून गस्त घातली! मग यांना शेला-नारळ पुरे. पण ढगोबाला मात्र आजच्या आज निसणीगडाचा किल्लेदार करा, आणि बक्षींना रोज सकाळी त्याला मुजरा करायला पाठवा!"

महाराज आधी गालात हसले, मग खो खो हसले, मग सिंहासनाचा हात बडवत, डोळ्यांतलं पाणी पुसत हसले. "नको, नको! घोडा किल्लेदार झाला तर उद्या माझ्या गादीवर कोण बसेल! पंत, उचला लेखणी! हैबतराव, चाकरी बारा वर्षं पूर्ण. अर्धा पगार जन्मभर. आणि ढगोबाही आता त्यांच्याच दारात राहील, दाणा-वैरण सरकारातून! आणि पंत, यंदाच्या दसऱ्याला गडावर हजेरी घ्यायला तुम्ही स्वतः चढून जा. पायी! बाई, तुम्हाला काय देऊ?"

"थोडी हरभऱ्याची डाळ आणि गुळाची ढेप द्या, महाराज. आठवडाभर घरात पुरण शिजलं नाही, हे फार रुसलेत!"

महाराजांनी गाडीभर डाळ आणि गाडीभर गूळ पाठवला. संध्याकाळी जिवतीला पुरणाचा नैवेद्य झाला. हैबतराव पाटावर बसले, पोळीवर तुपाची धार पडली, आणि खिडकीतून एक करडं तोंड आत आलं नि ती पहिली पोळी घेऊन गेलं!